दोनशे चारच्या श्वासातला मोगरा

आमच्या फाउंड्रीत शाश्वतता अहवाल वाचण्याचा दिवस म्हणजे जिलेबीचा दिवस. कायदाच तसा आहे. जिलेबीचा नव्हे, वाचनाचा. वर्षभरात कारखान्याने वीज किती खाल्ली, धूर किती सोडला, पाणी किती परत वापरलं आणि कामगारांच्या तब्येतीचं काय झालं, याची बेरीज सहीआधी कामगारांना वाचून दाखवायची. चार वर्षं मी कँटीनमध्ये माइकसमोर उभी राहून ती वाचली आणि चार वर्षांत एकाही माणसाने मान वर केली नाही. सगळ्यांचं लक्ष ताटात. पाचव्या वर्षी मात्र जिलेब्या ताटातच राहिल्या. ते कसं झालं ते सांगते, आणि त्यात माझा दोष किती होता तेही सांगते.

मी वृषाली मगदूम, कोल्हापूरजवळच्या उषःप्रभा कास्टिंग्जमधली शाश्वतता अधिकारी. नाव भारदस्त आहे, काम सहीचं. आमच्याकडे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यांत ओततात, निवलं की साचे फोडतात आणि आतून ट्रॅक्टर-ट्रकचे भाग काढतात. माझे वडील, तात्या, इथेच एकतीस वर्षं साचे फोडत आले. त्यांच्या पगारावर शिकून मी त्यांच्याच कारखान्यात साहेबीण होऊन बसले, याचं त्यांना कौतुक होतं आणि थोडी अडचणही होती. गेटवर ते मला ओळख दाखवत नसत.

अहवाल मी लिहीत नाही. ‘साक्षी’ लिहिते. साक्षी म्हणजे कारखान्याच्या प्रत्येक मीटरला, भट्टीला, पंख्याला जोडलेला संगणक. परदेशी गिऱ्हाइकांचा माणसाच्या शब्दावर विश्वास उरला नाही, तेव्हा अशा यंत्रांचा जमाना आला. साक्षीचा अहवाल आणि खाली एका जबाबदार माणसाची सही, एवढं असेल तरच माल बंदरातून हलतो. ते जबाबदार माणूस मी.

कामगारांच्या तब्येतीसाठी साक्षीला कॅमेरे हवे होते. युनियन म्हणाली, कॅमेरा नाही, गळ्यात पट्टा नाही, आम्ही कुत्री नाही. मग तडजोड झाली. टाइम ऑफिसच्या फळीवर खिळ्यांना टांगलेले, क्रमांक कोरलेले जुने पितळी बिल्ले तसेच ठेवले, फक्त प्रत्येक बिल्ल्याच्या पाठीला चिप चिकटवली. गेटवर एक नळी बसवली. बिल्ला टेकवायचा, नळीत तीन सेकंद फुंकायचं. येताना एकदा, जाताना एकदा. पहिल्याच दिवशी कामगारांनी तिचं नाव ठेवलं फुंकणी. चुलीपुढची असते तशी.

माणसाच्या उच्छ्वासात हजारएक प्रकारचे वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात. फुप्फुसात सिलिकाची, म्हणजे वाळूची, बारीक धूळ साचू लागली की तिथल्या पेशी हळूहळू फाटतात आणि त्यातून निघणाऱ्या वायूंचं प्रमाण बदलतं. एक्स-रेवर डाग दिसायला वर्षं लागतात. फुंकणीला तो बदल पाच वर्षं आधी कळतो. शिवाय फुंकरीचा जोर कसा चढतो आणि कसा उतरतो, यावरून साक्षी त्या छातीची आतली घडण मांडते आणि ती पुढे नेते. एक वर्ष, तीन वर्षं, दहा वर्षं. बासरीची लांबी आणि भोकं कळली की न वाजवताही तिचा सूर सांगता येतो, तसं ती पुढच्या वर्षांतला श्वास ऐकवूही शकते. तपासनिसांच्या सोयीसाठी पडद्यावर त्याचं एक बटण दिलेलं आहे.

नियम मात्र कडक. एकेकाचा श्वास गुप्त, बेरीज जाहीर. एकेका क्रमांकाची नोंद उघडायची किल्ली माझ्याकडे होती, पण ती फक्त विसंगती आढळली तरच वापरायची.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण सगळ्याचं मूळ तिथे होतं. दोन वर्षांपूर्वी साक्षीने सुचवलं की साचे फोडण्याच्या खात्यातले धूळ ओढणारे पंखे साठ टक्के वेगाने चालवले तरी धूळ मर्यादेच्या आतच राहते आणि विजेची प्रचंड बचत होते. मी आकडे तपासले. बरोबर होते. सही केली. कारखान्याचा कार्बनचा आकडा घसरला आणि मला एका समारंभात पितळी रोपटं मिळालं. ते माझ्या टेबलावर होतं. मर्यादा म्हणजे आठ तासांची सरासरी असते आणि माणूस सरासरीत उभा राहत नाही, एका जागी उभा राहतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

फेब्रुवारीत मी तात्यांचा क्रमांक उघडला. विसंगती वगैरे काही नव्हती. मुलगी होते म्हणून उघडला. ११८ हा आकडा मी लहानपणापासून त्यांच्या डब्याच्या झाकणावर, पगाराच्या चिठ्ठीवर पाहत आले होते. पडद्यावर ११८ पुढे पिवळी खूण होती. मी बटण दाबलं. तीन वर्षांनंतर.

आधी श्वास आत गेला. मग बाहेर आला आणि शेवटाला बारीक शिट्टी वाजली. मग काहीच नाही. मी वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने पुन्हा श्वास आत गेला, कुणी जड पेटी फरशीवरून ओढावी तसा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मधल्या वेळात मीसुद्धा श्वास घेतला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी तात्या ओट्यावर बसून चहा पीत होते.

“तात्या, साचे फोडायचं काम सोडायचं.”

“का? मला काय धाड भरलीया?”

“छाती बरी नाही तुमची.”

“परवा जोतिबाचा डोंगर चढून आलो की गं. दम लागला न्हाई.”

“आत्ता नाही कळायचं. मशीनला पाच वर्षं आधी कळतं.”

“आन् मशीन चुकलं तर?”

“चुकत नाही ते.”

तात्यांनी कप खाली ठेवला. “आन् बाबालालचं काय म्हणतंय मशीन?”

बाबालाल मुल्ला हे तात्यांचे जोडीदार. आमच्याकडे साचे जोडीने फोडतात. जाळीवर साचा आला की दोघांनी दोन बाजूंनी धरायचा, एकदम उलटा करायचा. सव्वीस वर्षं ही जोडी होती. मी त्यांना काका म्हणते. त्यांचा क्रमांकही मी पाहिला होता, कारण एकदा नियम मोडला की दुसऱ्यांदा हात कापत नाही.

“दोनशे चार एकदम स्वच्छ आहे. काका ठणठणीत आहेत.”

“स्वच्छ? अगं, रोज खोकतोय त्यो.”

“बिडीचा असेल.”

“बिडी सोडून सात वर्सं झाली त्येला.”

“तात्या, तुम्ही स्वतःचं बघा ना!” मी ओरडलेच. त्यांनी कप पुन्हा उचलला. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी मी सबनीससाहेबांकडे गेले. ते आमचे प्लँट मॅनेजर, सौम्य बोलणारे गृहस्थ. कारखान्याभोवतीच्या हरित पट्ट्यात एक रोपवाटिका आहे आणि तिथे हलक्या कामाची एकच जागा अहवालात मंजूर आहे. पाहुण्यांना हारतुऱ्यांऐवजी मोगऱ्याचं रोप देतात, म्हणून मोगराच जास्त. मी काहीबाही कारण सांगून ती जागा तात्यांना मिळवली. बाबालालकाकांना नवा जोडीदार दिला. मला त्या रात्री शांत झोप लागली, हे कबूल करते.

एप्रिलमध्ये साक्षीने पहिली टीप पाठवली.

‘११८ च्या श्वासात वाळूची खूण वाढत आहे. ११८ वाळूत नाही. तपासा.’

मी रोपवाटिकेत गेले. तात्या झारीने पाणी घालत होते, रंग उजळला होता, चक्क शीळ घालत होते. हवेत धूळ नव्हती. मी टिपेवर ‘जुना परिणाम असावा’ असा शेरा मारला. चार दिवसांनी दुसरी टीप आली.

‘२०४ च्या सायंकाळच्या श्वासात मोगरा आढळतो. २०४ चे काम साचे फोडण्याच्या खात्यात आहे. तपासा.’

हे अशक्य नाही. सुगंधी द्रव्य हुंगलं की ते फुप्फुसांतून रक्तात उतरतं आणि काही तास श्वासातून परत येत राहतं. पण त्यासाठी माणसाने दिवसभर मोगऱ्यात उभं राहायला हवं. मी भर दुपारी साचे फोडण्याच्या खात्यात गेले. पंखे घुमत होते, साठ टक्क्यांच्या आवाजात, मंद. वरच्या काचेतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ जागच्या जागी तरंगत होती. बाबालालकाका जाळीच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, जिथे सगळी धूळ वाहून येते तिथे उभे होते. मला पाहून त्यांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“काका, तुमच्या आसपास मोगरा कुठे असतो का? घरी, वाटेत?”

“मोगरा?” ते हसले आणि हसता हसता खोकले. “पोरी, मला वर्सभर वासच येईना झालाय. काल भाकरी करपली तरी कळलं न्हाई. मोगऱ्याचा वास तुझ्या तात्याच्या अंगाला असंल. त्येला इचार.”

त्या काळ्या वाळूत उभी असताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या माणसाला वासच येत नाही, त्याच्या छातीत मोगरा फुलतो आहे. आणि फुलांत उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत वाळू चढते आहे. मी शिकलेली बाई, पण त्या क्षणी मला वाटलं की तात्यांचं दुखणं इथे राहून गेलं आहे आणि कुणाला तरी धरण्यासाठी फिरतं आहे.

साडेतीनला पहिली पाळी सुटते. मी टाइम ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. पाच वर्षांत मी तिथे कधी उभी राहिले नव्हते. मला जे पाहायचं ते पडद्यावर दिसत होतं ना! तात्या आले. माळी झाले तरी गेट तेच. खिशातून बिल्ला काढला, टेकवला, फुंकणीत फुंकले. वरची पट्टी उजळली: ‘२०४. धन्यवाद.’ त्यांनी बिल्ला २०४ च्या खिळ्याला टांगला. त्यांच्यामागून बाबालालकाका आले, फुंकले, मध्येच खोकले, पुन्हा फुंकले. ‘११८. धन्यवाद.’

“तात्या, हा बिल्ला तुमचा नाही.”

“न्हाई. बाबालालचा हाय.”

“म्हणजे?”

“जोडी जमती त्या दिवशी बिल्लं बदलायचं असत्यात. साचा पालथा करताना दोघांचं हात एकदम सुटलं न्हाईत तर एकाचा पाय जातोय. म्हणून त्येचा माझ्याकडं, माझा त्येच्याकडं. दोन्ही खिळ्याला लागलं, म्हंजे दोघं बी धड घरी गेलो. जुन्या समद्या जोड्यांचं असंच हाय.”

“पण जोडी मोडली तुमची. तुम्ही रोपवाटिकेत गेलात.”

“म्हणून काय बिल्ला परत मागू व्हय?” बाबालालकाका म्हणाले. “रीत न्हाई तशी.”

“अहो, फुंकणी आली तेव्हा तरी सांगायचं!”

“तूच म्हणालीस की, कँटीनमधी,” तात्या म्हणाले. “बिल्ला नुसता नावाला, मशीन माणसाला श्वासावरनं वळखतंय.”

म्हणाले होते मी. खणखणीत आवाजात, माइकवरून. आणि यंत्राने ओळखलंही होतं. पहिल्या दिवशी ज्या बिल्ल्याबरोबर जो श्वास आला, तो त्याचा. तेव्हापासून त्याची एकदाही चूक झाली नव्हती. पिवळी खूण पहिल्यापासून बाबालालकाकांची होती. मी आजारी माणसाला धुळीत ठेवून धडधाकट माणसाला सावलीत बसवलं होतं.

बाबालालकाका पुढे गेल्यावर मी तात्यांना विचारलं, “तुम्हाला कळलं होतं?”

“संशय आला हुता. खोकतोय त्यो आन् छाती माझी बिघडली म्हणतीस. पण तू म्हणालीस, मशीन चुकत न्हाई. आन् खरं सांगू लेकी, मला बी बरं वाटलं. झाडं, सावली. मी गप बसलो.” त्यांचे डोळे भरून आले. “जाळीच्या खालच्या अंगाला सव्वीस वर्सं त्योच उभा ऱ्हायला. म्हणायचा, तू वर थांब, तुला घरी लहान पोरगी हाय.”

ती पोरगी मी.

दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, धूळ आजच्या आज बंद झाली तर इथेच थांबवता येईल, तीन महिन्यांनी सांगता येणार नाही. सबनीससाहेबांना मी सगळं सांगितलं, किल्लीचंसुद्धा. त्यांनी डोकं धरलं, पण कागदावरच्या नोंदी न बदलता बाबालालकाकांना रोपवाटिकेत पाठवलं. जागा एकच होती. तात्या कुणी सांगायच्या आधीच फडकं बांधून जाळीवर गेले. वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

“माझी छाती चांगली हाय न्हवं, तुझ्या मशीनच्या हिशेबानं?” एवढंच म्हणाले.

मी पुन्हा साहेबांकडे गेले. “पंखे शंभरावर न्या.”

“वृषाली, वर्षाची पहिली तिमाही आहे. पहिल्याच तिमाहीत कार्बनचं उद्दिष्ट चुकलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? धूळ मर्यादेच्या आत आहे ना?”

“आहे.”

“मग? पंख्यांच्या कागदावर सही तुमचीच आहे.”

अदलाबदलीनंतर बाराव्या दिवशी साक्षीची टीप आली.

‘११८ च्या श्वासात मोगरा आढळतो. २०४ च्या श्वासात मोगरा नाही. वाळूची खूण सुरू. विसंगती मिटली. अहवाल सहीसाठी तयार आहे.’

विसंगती मिटली! मला त्या यंत्राचा इतका राग आला की टेबलावरचं पितळी रोपटं मी उचललं होतं. मग खाली ठेवलं. यंत्राने जे होतं ते सांगितलं होतं. मी त्यात आकडे वाचले, माणसं वाचली नाहीत. २०४ पुढचं बटण दाबावंसं वाटलं, पण या वेळी हात पुढे गेला नाही. फक्त माझ्या बापाचा श्वास ऐकायला गेले म्हणूनच तर हे सगळं झालं होतं. नियम मी पुन्हा वाचून काढले. एकेकाचा श्वास गुप्त. बेरीज जाहीर. आणि जाहीर करायची कशी, आकड्यांत की आवाजात, याबद्दल नियमात एक अक्षर नव्हतं.

मेमधल्या वाचनाच्या दिवशी कँटीन भरलं होतं. जिलेब्या वाढल्या गेल्या. सबनीससाहेब पहिल्या रांगेत होते. मी वीज वाचली, पाणी वाचलं, धूर वाचला. कुणी मान वर केली नाही. मग मी म्हणाले, “कामगारांचं आरोग्य. एकूण चारशे बारा. पंखे आज आहेत तसेच राहिले, तर तीन वर्षांनंतर.” आणि बटण दाबून माइक साक्षीच्या भोंग्याला लावला.

आधी कुणीतरी म्हणालं, माइक बिघडला. मग चारशे बारा जणांचा श्वास एकदम आत गेला. इतक्या छात्या एकदम भरल्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ताटांतले चमचे थरथरले. मग तो बाहेर आला आणि त्याच्या शेवटाला शिट्टी वाजली. एक नव्हे, कितीतरी, पातळ, वेगवेगळ्या उंचीच्या. मग काहीच नाही.

कँटीनमध्ये कुणी हललं नाही. घास तोंडात तसेच राहिले. मी समोर पाहिलं आणि मला कळलं की कुणीच श्वास घेत नाही. सगळे त्या पुढच्या श्वासाची वाट पाहत आहेत. सबनीससाहेबसुद्धा. त्यांचा हात त्यांच्या स्वतःच्या छातीवर गेला होता. फुंकणीत तेही रोज फुंकतात.

श्वास पुन्हा आत गेला, तेव्हा समोरच्या सगळ्यांनी त्याच्याबरोबर घेतला.

तात्या उठून माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, “ह्यात माझा कुठला गं?”

“कळत नाही, तात्या. बेरीज आहे.”

“बाबालालचा?”

“तोही नाही कळत.”

“तुझा बी हाय ह्यात?”

“आहे.”

तात्यांनी मान हलवली आणि बाबालालकाकांकडे पाहिलं. सव्वीस वर्षं साचा उलटा करण्याआधी पाहायचे तसं. दोघं एकदम निघाले. दारातून बाहेर पडले, साचे फोडण्याच्या खात्याकडे. त्यांच्यामागून दुसरी जोडी उठली, मग तिसरी. सबनीससाहेब अर्धे उभे राहिले. “वृषाली, पंख्यांचा वेग वाढवायच्या चाकाला कुणी हात लावायचा नाही हं,” ते म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.

भोंग्यातली शिट्टी चालूच होती. मग तिच्यावर दुसरा आवाज चढू लागला. आधी घुमणं, मग गर्जना, मग शेजारच्या खात्याच्या पत्र्यांची थरथर. दोन वर्षांत मी पंख्यांचा पूर्ण आवाज विसरले होते. भोंग्यातला श्वास त्याखाली बुडाला. मला तो ऐकू येईना, आणि मला रडू फुटलं.

माझ्यासमोरचा पडदा लाल झाला. ‘तिमाहीचे उद्दिष्ट चुकणार. कारण नोंदवा.’

या रकान्यात चार वर्षं मी ‘काही नाही’ असं लिहीत आले होते. डोळे पुसले आणि लिहिलं: आम्ही सगळ्यांनी ऐकलं.